स्क्रबरच्या जाळीवर शेवाळ धरत नसेल तर

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी घरी बनवलेल्या धबधबा पद्धतीच्या अल्गी स्क्रबरमध्ये उभ्या जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा वाहतो, प्रखर उजेडात जाळीवर शेवाळ वाढते आणि ते खरवडून काढले की त्याने शोषलेले नायट्रेट व फॉस्फेट टाकीबाहेर जाते. वाढ खुंटली की बहुतेक जण आधी दिवा बदलतात. माझ्या मते तपासणी पाण्यापासून सुरू करावी. मात्र जाळी नवी असेल तर तीन-चार आठवडे थांबावे, कारण सुरुवातीला तपकिरी थर येणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे.

जाळीच्या दर इंच रुंदीला ताशी सुमारे 130 लिटर पाणी लागते. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवावे लागत नसतानाचा असतो, म्हणून तो ग्राह्य धरू नये. जाळी काढून नळीचे पाणी दहा लिटरच्या बादलीत सोडावे. सहा इंची जाळीसाठी ही बादली साधारण 45 सेकंदांत भरली पाहिजे. त्यानंतर पाण्याचा पडदा सलग पडतो का, हे पाहावे. माझ्या जाळीवर चार बोटे रुंदीची एक पट्टी महिनाभर पांढरीच राहिली होती आणि मी दिव्याची जागा बदलत बसलो होतो. अखेर, ज्या पाइपाच्या लांबट चिरेतून पाणी जाळीवर उतरते, त्या चिरेत नखाएवढी शेवाळाची गुठळी सापडली. चिरेवर उजेड पडला की तिथेच शेवाळ उगवते, म्हणून तो भाग काळ्या पट्टीने झाकावा. वीज वारंवार जात असेल, तर तेवढ्या वेळात जाळी सुकून वाढ मरते, हेही ध्यानात घ्यावे.

पाणी ठीक असेल, तर जाळीवरून बोट फिरवावे. भरतकामाची प्लास्टिकची जाळी विकत आणली तशीच लावल्यास शेवाळ पकड घेत नाही आणि थोडे वाढताच गळून पडते. करवतीच्या पात्याने दोन्ही बाजू इतक्या खरवडाव्यात की बोटाला निवडुंगासारखी टोचली पाहिजे.

दिव्याचा विचार यानंतर करावा, आणि तोही शेवाळाचा रंग पाहून. काळपट, चिकट थर म्हणजे पाण्यात पोषकद्रव्ये (नायट्रेट व फॉस्फेट) फार किंवा उजेड अपुरा. अशा वेळी 660 नॅनोमीटर तरंगलांबीचे लाल एलईडी जाळीच्या जवळ आणून रोज 18 तासांपर्यंत चालू ठेवावेत आणि जाळी दर चार-पाच दिवसांनी खरवडावी. उलट पिवळट, रबरासारखी वाढ बहुधा उजेडाच्या मानाने पोषकद्रव्ये कमी असल्याचे सांगते. तेव्हा दिव्याचे तास घटवावेत आणि फॉस्फेट शोषणारे माध्यम वापरत असाल तर ते काढून पाहावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि पुढची दोन खरवडणी होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. खरवडताना जाळी लख्ख करण्याचा मोह टाळून हिरवट पापुद्रा मागे ठेवावा, कारण पुढची वाढ त्यातूनच फुटते.