लष्करी कापडाची शेड आणि माझी फसलेली ऑलिव्ह

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, नाइट शिफ्टला, वॉचमनच्या केबिनमधल्या सीसीटीव्हीवर माझी काळी पॉलिएस्टरची ओढणी पांढरीफटक दिसली. रात्री तो कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात बघतो, आणि पॉलिएस्टरवरचे बहुतेक डिस्पर्स रंग तो उजेड शोषतच नाहीत. कॉलेजात डोक्यावरून गेलेलं प्रकरण तिथे उभ्या उभ्या कळलं. नाइट व्हिजनमधून सैनिकाचा गणवेश असा चमकला, तर दिवसाच्या हिरव्या-तपकिरी नक्षीचा उपयोग काय?

टेक्स्टाइल केमिस्ट्री करून प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, नव्याने लागणाऱ्यांनी आधी झाडाचं पान समजून घ्यावं. 680 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पान शोषतं, पण 700 ओलांडून इन्फ्रारेडकडे गेलं की त्याचा परावर्तनाचा आलेख कड्यासारखा चढतो, साधारण निम्म्यापर्यंत. दुसऱ्या महायुद्धात कोडॅकने काढलेल्या खास फिल्मवर खरी झाडी लाल उठायची आणि नुसता हिरवा रंग फासलेलं सामान लगेच वेगळं पडायचं, ते यामुळेच. कापडावर हा चढ मोजूनमापून आणायचा असतो. हिरवा पट्टा पानासारखा, तपकिरी मातीसारखा, काळा बराच खाली. सगळे पट्टे सारखेच उजळले तर नक्षी पुसली जाते आणि माणसाची आकृती तेवढी उरते.

सुती कापडावर हे काम व्हॅट रंगांचं, म्हणजे कुंडात रसायनाने विरघळवून धाग्यात गेल्यावर पुन्हा पक्के करायच्या रंगांचं. त्यांच्या रेणूंत वलयांची मोठी सलग साखळी असते, म्हणून त्यांतले काही ऑलिव्ह, काळे, तपकिरी 700 च्या पुढेही शोषत राहतात. सुती कापडाचेच दुसरे, रिअ‍ॅक्टिव्ह रंग, त्यांतले बहुतेक तिथे हात टेकतात. पॉलिएस्टर किंवा नायलॉन असेल तर कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीच, अगदी चिमूटभर वापरतात. जरा जास्त झाली की शेड मळकट होते.

आता माझी फजिती. एकदा रेसिपीतला ऑलिव्ह संपला होता. मी हिरवा, पिवळा आणि तपकिरी व्हॅट जुळवून तीच शेड काढली. लाइट बॉक्समध्ये, म्हणजे ठरावीक उजेडात शेड बघायच्या पेटीत पास, लॅबच्या स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंग मोजायच्या यंत्रावरही पास. डाइंग मास्टर म्हणाले, "मॅडम, झकास जमलीय." पण आमचा स्पेक्ट्रो 700 लाच थांबायचा. बाहेरून 1200 पर्यंतचा रिपोर्ट आला, तर आलेख ठरलेल्या मर्यादेच्या पार वर. तो लॉट शेवटी काळा रंगवून टाकला. तेव्हापासून एक रंगसुद्धा बदलला तरी आधी 700 च्या पुढचा आलेख मागवते. घाईत तुकडा सीसीटीव्हीसमोर धरते. आकडा मिळत नाही, पण ढोबळ चूक पकडता येते.

रंगाई खात्यात लागलात की हायड्रोच्या, म्हणजे व्हॅट रंग विरघळवणाऱ्या पावडरच्या, डब्याचं झाकण कधी उघडं ठेवू नका, ओल लागली की तो मरतो. कुंडात पुरेसा आहे का, हे व्हॅट यलोचा कागद बुडवून पाहा. निळा झाला तर ठीक. सोपिंगमध्ये, म्हणजे रंगवल्यावरच्या गरम साबणाच्या धुण्यात, वेळ वाचवू नका, रंगाचे कण नीट जमल्याशिवाय शेड बसत नाही. ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कापड जास्त पांढरं दाखवणारं रसायन, मात्र या कापडाच्या आसपासही नको.

मुलाखतीत एक प्रश्न बहुधा येतो: असं कापड थर्मल कॅमेऱ्याला चकवेल का? नाही. तो 3 ते 5 किंवा 8 ते 14 मायक्रॉनमध्ये अंगाची उष्णताच बघतो, तिथे आपला रंग कामाचा नाही.