भराव पडायला लागला की पहिल्या आठवड्यात काय करायचं

मी चिपळूणचा. बत्तीस वर्षं लेव्हल मशीन खांद्यावर घेऊन रत्नागिरी-रायगडात जमिनी मोजल्या. २२ जुलै २०२१ ला आमच्या माजघरात छातीला पाणी लागलं. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे खाडीला उधाण. वर घाटात मुसळधार. आणि मध्ये वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पाण्यात आमचं गाव. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, ती मी ऑइलपेंटने पक्की करून ठेवली आहे. तेव्हापासून लोक विचारायला येतात: शेजारच्या खाचरात डंपर येऊन मातीचा भराव टाकताहेत, काय करू?

पहिलं उत्तर एकच. आज जा. जोतं उठेपर्यंत थांबू नका.

आमच्या जवळच्या एका गावात पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी भराव पडला, तेव्हा आम्ही सगळे "बघू, परवानगी असेल" म्हणत बसलो. जोतं झाल्यावर अर्ज दिला, तर कार्यालयात सांगितलं की आता काम पुढे गेलंय. पुढच्या पावसात त्या पऱ्याचं पाणी वळून तीन घरांच्या पडवीत शिरलं. त्या तीन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे अजून मला नजर वर करून बघवत नाही.

जायचं कुठे, इथेच बहुतेकांची चूक होते. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, म्हणून लोक पाटबंधारेच्या ऑफिसात धावतात. तिथून त्यांना परत पाठवतात आणि ते बरोबरही असतं. रेषा आखणारा वेगळा, परवानगी देणारा वेगळा. शहरात बांधकाम परवानगी नगरपरिषद किंवा नगरपंचायत देते आणि विनापरवाना काम थांबवायचा अधिकारही तिचाच. इमारतींचं आणि जमीनवापराचं नियमन हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांत लिहिलेलं आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ४१ तर स्थानिक संस्थेवर थेट जबाबदारी टाकतं: आपल्या हद्दीतली बांधकामं आपत्ती टाळण्याच्या निकषांप्रमाणे होताहेत याची खात्री करायची. म्हणून अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जलसंपदाला. गावठाणाबाहेरची जमीन असेल तर जिल्हाधिकारी आणि नगर रचना कार्यालय. ग्रामपंचायतीला प्रत द्याच, कारण ग्रामसभेत विषय तिथूनच निघेल.

अर्जाआधी नकाशा बघा. सात-बारावरून गट नंबर घ्या, शहरात असाल तर सिटी सर्व्हे नंबर, आणि नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा मागा. त्यावर दोन रेषा असतात. निळी ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध: तिथे बाग, मोकळं मैदान, पार्किंग, ओट्यांची उघडी मंडई, स्मशानभूमी असल्याच गोष्टी चालतात. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधकाम होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतच हे आहे. जागा खाडीकाठची असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, रेषा वेगळी तपासा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीचं पाणी चढणाऱ्या खाडीला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल, तेवढ्या काठच्या पट्ट्याला हे नियम लागतात. आमच्या खाडीकाठच्या गोवळकोटसारख्या ठिकाणी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघावे लागतात.

आता त्या ०.४५ मीटरबद्दल, कारण सगळा घोळ याच ठिकाणी होतो. हा आकडा रस्त्यापासून मोजायचा नाही. लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. उदाहरणादाखल, ती ९.२० असेल तर जोतं ९.६५ च्या वर हवं. खाजगी सर्व्हेअर जवळच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या पक्क्या खुणेवरून, अर्ध्या दिवसात ही पातळी काढून देतो. चार शेजाऱ्यांनी वर्गणी काढली तर कोणालाच जड जात नाही. आमच्या भिंतीवरची रेघ मी अशीच मोजून कागदावर घेतली आहे. तुमच्याकडे २००५ ची किंवा २०२१ ची खूण असेल तर तीही मोजून घ्या, फोटोत टेप दिसू दे.

आणि माझं स्पष्ट मत: "उंचावर बांधा" याचा अर्थ "सगळी जमीन भरून काढा" असा घेऊ नये. दहा गुंठ्यांवर दोन मीटर माती टाकली की सुमारे वीस लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी शेजाऱ्याकडेच जाणार, दुसरीकडे कुठे? खांबांवर घर उचललं तर खालून पाणी वाहतं. परवानगी मागणाऱ्याने हेच दाखवावं असा आग्रह अर्जात लेखी धरा.

अर्ज लहान ठेवा. गट नंबर, भराव कधी सुरू झाला ती तारीख, तारखेसकट फोटो, आणि तीन प्रश्न. परवानगी दिली आहे का, दिली असल्यास तिचा क्रमांक काय? जलसंपदा विभागाचा ना हरकत दाखला आहे का? जोत्याची मंजूर पातळी किती? परवानगी नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस द्यावी, ही मागणी शेवटी लिहा. "अजून इमारत कुठे आहे?" असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. त्या कायद्यातल्या ‘विकास’ या शब्दात जमिनीवर केलेली कामंही येतात. माती कुठून आली हेही तहसीलदारांना वेगळ्या अर्जाने विचारा. ते गौण खनिज आहे, त्याला परवाना लागतो आणि रॉयल्टी भरावी लागते. कधी कधी डंपर या अर्जानेच आधी थांबतात.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. फाइल प्रत्यक्ष पाहायची मागणीही करता येते. मी तर तीच करायला सांगतो, कारण जोते तपासणीचा कागद झेरॉक्सच्या गठ्ठ्यात हटकून राहतो.

दुसऱ्या एका जागी आम्ही पाचव्या दिवशी अर्ज दिला. ओव्हरसिअर आला, पातळी पुन्हा घेतली गेली, पऱ्याकडची माती मालकाने स्वतः उचलली. भांडण झालं नाही. त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. त्या पोचेच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. २०२१ ला आमचे सगळे कागद कपाटाच्या खालच्या खणात होते.