साथ येण्याआधी ग्रामपंचायतीने काय काय जमवून ठेवावं

आधी भोंगा बघा. बहुतेक गावांत तो ग्रामपंचायतीवर नाहीतर मारुतीच्या देवळावर असतो, कर्णा एकाच बाजूला तोंड करून, आणि मागच्या वस्तीला नुसती घरघर ऐकू येते. एकाने माइकवर बोलायचं आणि दुसऱ्याने गावभर फिरून शब्द कुठपर्यंत कळतो ते पाहायचं. आवाज नाही, शब्द. जिथे कळत नाही ती ठिकाणं वहीत लिहा: गावकुसाबाहेरची घरं, तांडा, शेतातल्या आखाड्यावर राहणारी कुटुंबं. त्यांच्यासाठी मोटारसायकलवर बांधायचा बॅटरीचा स्पीकर लागेल. बॅटरी गावातल्या भोंग्यालाही हवीच, कारण लाइट नेमकी कधी जाते ते सांगायला नको. मशिदीवरचा भोंगा वापरायचा असेल तर मौलवींशी आणि विश्वस्तांशी आताच बोलून ठेवा, ऐनवेळी गेलात तर ते विनंतीसारखं न वाटता हुकमासारखं वाटतं. वेळ ठरवा. उन्हाळ्यात माणूस सकाळी आठनंतर घरी सापडत नाही, आणि रात्री दहानंतर भोंगा लावायला कायद्याने बंदी आहे.

बोलणार कोण, हेही आधीच ठरलं पाहिजे. सरपंच बाई असतील तर माइक त्यांच्याच हातात द्या, त्यांच्या मालकांच्या नव्हे. आजाराचं बोलणं मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचं किंवा सिस्टरचं. त्यांना रोज गावात येणं जमणार नाही, म्हणून मिनिटभराचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यायचं आताच कबूल करून घ्या. मजकुराचे दोन-चार नमुने लिहून ठेवा. ‘सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की’ इथपर्यंत येईस्तोवर ऐकणारा बैलाला पाणी पाजायला निघून गेलेला असतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘आज बुधवार. दहा ते चार शाळेत लस आहे. आधार कार्ड आणा. ताप असेल तर आज येऊ नका, आशाताईला कळवा.’

प्रत्येक निरोपावर तारीख हवी, भोंग्यावरच्या आणि व्हॉट्सॲपवरच्याही. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर सुरुवातीला 4 ते 6 आठवडे होतं, मार्च 2021 मध्ये ते 6 ते 8 आठवडे झालं आणि मे महिन्यात 12 ते 16. त्या दिवसांत लसीचा तुटवडाही होता. मग केंद्रावरून परत पाठवलेल्या माणसाने काय समजायचं? आपल्याला टोलवलं, हेच. सूचना बदलली तर नवी सांगण्याआधी ‘मागच्या आठवड्यात आम्ही असं सांगितलं होतं, ते आता बदललं आहे, कारण हे’ एवढं बोलायला शिका. पुढाऱ्यांना हे जड जातं. जुना फलक खाली उतरवायची जबाबदारीही एका माणसावर नाव घेऊन टाका, नाहीतर तो दिवाळीपर्यंत लटकतो.

अर्धवट निरोप हा सगळ्यात धोक्याचा. 8 मे 2020 च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले 16 मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली सापडून गेले. रेल्वे बंद आहे, असा त्यांचा समज होता. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मालगाड्या चालू होत्या. ‘बंद’ म्हणताना काय बंद आणि काय चालू हे एका दमात सांगायचं: बाजार, बँक, रेशन, दवाखाना, एसटी, प्रत्येकाचं वेगवेगळं.

ऊसतोडीची गावं असतील, बीडकडे तर ती आहेतच, तर मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे नंबर जमवा. दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे झोपडीत, असतं, त्याला गावचा भोंगा काय कामाचा? प्रत्येक टोळीतल्या एका बाईचाही नंबर घ्या. मुकादम उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशाचा, हिशोब पहिला सांगतो, बाकीचं नंतर. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये गावोगाव बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते अडवले होते आणि परतणारी आपलीच माणसं शिवेवर थांबली होती. परतल्यावर कुठे थांबायचं, जेवण कोण देणार, जनावरं कुठे बांधायची, हे ती निघण्याआधीच फोनवर कळलं पाहिजे.

तांड्यावर गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलणारा माणूस लागेल. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उमरगा-उदगीरकडे कन्नड कानांवर पडते, तिथलं तिथल्यांनी बघावं.

आशाताईंचं काम गृहीत धरू नका. दारात उभं राहून निरोप देणारी, शिव्या खाणारी आणि ऑक्सिमीटर लावणारी तीच असते. मानधनासाठी जून 2021 मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला होता. मोबाइलचा रिचार्ज, मास्क आणि संध्याकाळी सोबतीला एक माणूस, एवढं तरी ग्रामपंचायतीने स्वतःच्या पैशातून द्यावं.

उलट येणारे प्रश्न टिपायला एक नंबर आणि एक वही ठेवा. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही आवई 2020 च्या सुरुवातीला उठली तेव्हा कुक्कुटपालन करणारे पार बुडाले. खुलासा आला, पण तोवर पक्षी कवडीमोल झाले होते. वहीत तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याच संध्याकाळी भोंग्यावर उत्तर गेलं पाहिजे. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, गॅस, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला होता. अशा आदेशाने रांग लागते हे खरं, पण लसीने मूल होत नाही असं मनात धरून बसलेल्या बाईच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही.

रुग्णाचं नाव भोंग्यावर कधीच नाही, ग्रुपवरही नाही. तसा ठरावच घ्या, कारण पहिला रुग्ण सापडला की यादी फिरवायची हौस शिकल्या-सवरलेल्यांनाच जास्त असते.

आरोग्य सल्ल्याचा 104 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे नंबर रंगाने भिंतीवर लिहा, कागद पावसात टिकत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर त्याखाली, आणि वर्षातून एकदा तो लावून बघा.

हे सगळं 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडून बॅटरी आणि स्पीकरचा खर्च मंजूर करून घ्या. 2 ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर टोळ्यांची बांधाबांध सुरू झालेली असते आणि मुकादम फोन उचलत नाहीत.