वारशात आलेल्या जुन्या गाडीचं इंजिन कुरकुरतंय? या चुका टाळा

आजोबांची गाडी वाट्याला आली की पहिला मोह होतो तो किल्ली फिरवून बघण्याचा. कित्येक वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला हा मोह फार महागात पडतो. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात. आधी ठिणगी पाडणारे सगळे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा आणि थांबा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत असेल, तर त्याचा चिकटा कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) जेटमध्येही, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांतही बसला असणार.

बॅटरी जोडताना सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावू नका. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, आणि काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात.

आता खरा घोळ. गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली की दोष जातो कार्ब्युरेटरवर, कारण तो समोर दिसतो आणि त्याला फिरवायला स्क्रू असतात. बहुतेक वेळा हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं ठरतं. आधी डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडा. आतले पॉइंट (उघडमीट करून ठिणगी घडवणारे संपर्क) जळून निळसर-काळे पडले असतील किंवा त्यांवर खड्डा आणि टेकाड तयार झालं असेल, तर पॉइंटना जळण्यापासून वाचवणाऱ्या अंगठ्याएवढ्या कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंटचा गॅप बऱ्याच गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास असतो, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. मग काढलेला प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनाच्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगची भोकं आणि सांडलेलं पेट्रोल यांपासून तो लांब ठेवा. ठिणगी निळसर हवी, टच्च आवाज करणारी. पिवळी, मलूल ठिणगी दिसली तर कार्ब्युरेटरला हात लावू नका.

थंड असताना उत्तम चालते, तापली की बंद पडते आणि तासाभराने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते? ही तक्रार गाडी गार झाल्यावर तपासण्यात अर्थ नाही. बंद पडल्या पडल्या, तिथेच ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) किंवा कंडेन्सर. ठिणगी असेल तर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय आणि टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल अडतंय. काही झाकणं मुळातच हवा आत घेत नाहीत, तिथे वेगळी व्हेंट नळी असते, ती तपासा.

प्लग, वायरी, कॉइल, पॉइंट एकाच दिवशी बदलणाऱ्यांना दोष कशात होता हे कधीच कळत नाही. त्यातला एखादा नवा सुटा भागच सदोष निघाला तर आणखी पंचाईत. एक बदल, मग एक फेरी. काढलेला जुना भाग जपून ठेवा.

डॅशच्या कप्प्यातली जुनी बिलं जरूर वाचा. आधीच्या मालकाने चोरीच्या भीतीने सीटखाली एखादा छुपा कट-ऑफ स्विच बसवला असेल, तर इंजिन खोलूनही तो सापडणार नाही.

एवढं करूनही ताकद लागत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) मोजा: सगळे प्लग काढलेले, कॉइलची जोडणी तोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (सिलिंडरांवरच्या झाकणाखालचं सील). शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे सारखेच पडले असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटल्याचा संशय पक्का समजा.