साथीच्या दिवसांत रक्तदाते कसे जमवायचे

एप्रिल २०२१. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी 'रक्ताचा तीव्र तुटवडा, रक्तदान करा' असा मेसेज टाकला. जोडलेले हात भरपूर आले, नाव एकही नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन एकेकाला फोन लावला. तीन संध्याकाळींत २१ नावं झाली.

म्हणून फॉरवर्ड सोडा, फोन करा. 'कुणीतरी या' म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा जाईल. 'काका, रविवारी साडेदहाची वेळ तुमच्या नावावर लिहू का?' असं विचारलं की माणूस खरंच विचार करतो.

मग ऐका. त्या वर्षी सुईची भीती फारशी कुणाला नव्हती. शिबिरातून करोना घरी येईल, ही होती. तिला देशसेवेचं भाषण हे उत्तर नव्हे. आम्ही हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, अर्ध्या तासाला चारच जण बोलावले आणि हे फोनवरच सांगितलं. अशक्तपणाबद्दलही स्पष्ट बोला: ३५० मिली रक्त जातं, त्यातला द्रव एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात.

रक्त कुणाला लागतं, तेही सांगा. बरेच जण विचारत, 'करोनाच्या पेशंटला रक्त कशाला?' बहुतेकांना लागत नाही. पण थॅलेसेमिया या जन्मजात रक्ताच्या आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी लागतंच. बाळंतपणं, अपघात थांबत नाहीत; कॉलेजं-कंपन्या बंद, म्हणून तिथली शिबिरं मात्र थांबली होती. हे ऐकून शेजारच्या बिल्डिंगमधले माथाडी दादा म्हणाले, "मार्केटला रोज जातोयच की ताई, मग त्या लेकरांसाठी यायला काय झालं?" इतकं सरळ उत्तर मला सुचलं नसतं.

खरी मुदत असेल तर ती वापरा. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना लस मिळणार होती आणि तेव्हाच्या नियमाने शेवटच्या डोसनंतर रक्त द्यायला २८ दिवस थांबावं लागे. पुढे ते १४ झाले. 'लशीआधी रक्त देऊन जा' एवढ्यावर तरुण मुलं आली. बक्षिसाचं आमिष मात्र नको. त्यापायी कुणी आजार लपवला तर धोका रुग्णाला.

आणि बायकांची आठवण ठेवा. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असलं की परत पाठवतात. आमच्याकडे पाचजणी परतल्या, त्यातली एक जिन्यात रडली. नापास झाल्यासारखं वाटतं हो. अशा बाईला आधीच सांगून ठेवा की हा तिच्या तब्येतीचा निरोप आहे, डॉक्टरांना दाखवायचा. हवं असेल तर काम द्या. ती जिन्यातली बाई पुढे फोन करायला बसली आणि माझ्यापेक्षा जास्त नावं तिने आणली.

रक्तपेढीला आधी विचारा, किती पिशव्या हव्यात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. सगळ्यांना एकाच रविवारी उभं करू नका. निम्मी नावं पुढच्या महिन्याला ठेवा.

वहीत शेवटचा रकाना पुढच्या तारखेचा: पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. आमच्या जुलैच्या पानावर पहिलं नाव माथाडी दादांचं आहे, त्यांनी स्वतः येऊन लिहिलेलं.