स्टीअरिंग कॉलमच्या लिव्हरचा ‘खट्ट’ कसा घालवायचा, पकड ढिली न करता

टिल्ट (चाक वर-खाली होणारं) किंवा टेलिस्कोपिक (चाक पुढे-मागे सरकणारं) स्टीअरिंगच्या गाडीत कॉलमखालचा, म्हणजे चाकामागच्या दांड्याखालचा, लिव्हर ओढला की खट्ट करून आवाज होतो ना, तो बहुतेकांना एकच वाटतो आणि मग उपायही एकच शोधला जातो, कुठेतरी तेल सोड नाहीतर कुठेतरी रबर चिकटव. खरं तर त्या एका खट्टमध्ये तीन वेगळे आवाज असतात, एकामागोमाग एक, इतके जवळ की कान ते वेगळे करत नाही. ते वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं. हा लिव्हर चाक हव्या त्या जागी पक्कं धरणाऱ्या लॉकचा असतो. मी अशा लॉकची दुरुस्ती पण केलीये आणि नवीन बनवताना पण हात घातलाय, आणि माझं मत ठाम आहे की आवाज घालवायला पकड कमी करायची गरज कधीच पडत नाही. नट अर्धा आटा ढिला करून "बघा, गेला आवाज" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आधी आत काय असतं ते बघू. चावी काढल्यावर चाक अडकतं ते लॉक वेगळं, त्यात शाफ्टच्या खाचेत पिन जाते, आपला विषय तो नाही. आपल्या लॉकमध्ये कॉलमच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेटचे पत्रे असतात, पत्र्यांत लांबट गाळे आणि त्या गाळ्यांतून आडवा गेलेला एक बोल्ट. बोल्टच्या एका टोकाला नट आणि थ्रस्ट बेअरिंग (दाब सोसत फिरणारं बेअरिंग), दुसऱ्या टोकाला लिव्हर आणि दोन कॅम, एक लिव्हरबरोबर फिरणारा, दुसरा जागेवर बसलेला. दोघांच्या तोंडावर चढ-उतार असतात. लिव्हर बंद केला की फिरता कॅम चढावर चढतो, बोल्ट ताणला जातो, पत्रे चिमट्यासारखे आत दाबले जातात आणि कॉलम नुसत्या घर्षणावर धरला जातो. काही कॉलममध्ये घर्षणाच्या जोडीला दाते पण असतात, त्याचं पुढे सांगतो.

आता आवाज येतो कुठून? लिव्हर बंद असताना तो बोल्ट आणि ते पत्रे म्हणजे ताणलेली स्प्रिंगच. समजा दाब ५००० न्यूटन आहे आणि सगळं मिळून १ मिलिमीटर ताणलंय, तर आत साठलेली ऊर्जा होते अडीच जूल. पाव किलोची हातोडी एक मीटरवरून सोडली तर साधारण तेवढीच ऊर्जा खाली आदळते. लिव्हर झटक्यात सोडला की ही सगळी ऊर्जा एका क्षणात मोकळी होते आणि कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटतं. त्यात कॉलम बोल्टने बसवलेला असतो डॅशबोर्डमागच्या आडव्या बीमवर, म्हणजे आवाज छोट्याशा कॅमवर होतो आणि घुमतो अख्खा डॅशबोर्ड.

तीन ठोके असे. पहिला, कॅम चढावरून घसरून खाली बसतो तो. दुसरा, लिव्हर फिरून त्याच्या स्टॉपरवर आदळतो तो. तिसरा, मोकळा झालेला कॉलम चाकाच्या आणि एअरबॅगच्या वजनाने खाली येतो आणि बोल्ट गाळ्याच्या टोकावर आपटतो तो.

ओळखायचं कसं, तर गाडी उभी, इंजिन बंद, आणि आधी एका हाताने चाक धरून ठेवून लिव्हर सोडा. आवाज बराच कमी झाला तर तिसरा ठोका मुख्य होता, म्हणजे गाळ्याच्या टोकाचा बफर गेलाय किंवा कॉलमला वर तोलून धरणारी स्प्रिंग थकलीये. फरक पडला नाही तर लिव्हर अगदी सावकाश, हातात धरूनच खाली आणा. आता पहिला ठोका वेगळा ऐकू येतो आणि दुसरा येतच नाही, कारण स्टॉपरवर आदळायला लिव्हर मोकळा नाहीये. मग स्टॉपरच्या जागी कापडी टेपचा एक थर चिकटवा आणि नेहमीसारखा झटक्यात सोडा, आवाज टणक्याचा बोदा झाला तर दुसरा ठोका सापडला.

आणि फोनचा स्लो मोशन कॅमेरा वापरा, खरंच वापरा. २४० फ्रेमवर एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची असते आणि लिव्हर काय करतो ते स्वच्छ दिसतं. मी एका गाडीत दोन दिवस कॅमच्या मागे लागलो होतो, ग्रीस बदलून झालं, वॉशर बदलून झाला, शेवटी पायाशी आडवा पडून व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं की लिव्हर स्टॉपरवर आपटून परत उसळतोय आणि पुन्हा आपटतोय, तीन वेळा. स्टॉपरवरची रबरी टोपी कधीच निघून पडली होती, मागे फक्त तिच्या गोंदाचा पिवळा डाग उरला होता. पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी व्हिडिओ.

एक मात्र आधी तपासा. लिव्हर बंद करून चाक दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली, पुढे-मागे जोर लावून बघा. लॉक असताना चाक सरकत असेल किंवा आतून कटकट येत असेल तर हा आवाजाचा प्रश्नच नाही, पकड गेलीये, ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. टक्कर होते तेव्हा चाक आणि एअरबॅग ठरलेल्या जागी असायला लागतात. अमेरिकेच्या वाहन सुरक्षेच्या एफएमव्हीएसएस २०४ नियमात ताशी ४८ किलोमीटरने समोरून टक्कर झाली तर कॉलमचं वरचं टोक ड्रायव्हरकडे १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये असं आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२ नियमातही तशीच मर्यादा आहे. कॉलम टकरीत ठरवून दिल्याप्रमाणे आत दबतो पण, आणि त्यासाठी बऱ्याच कॉलमवर बीमला जोडायच्या जागी प्लॅस्टिक भरलेल्या सुटणाऱ्या कॅप्सूल असतात. तिथे फोम, फेल्ट, गोंद काहीही घालायचं नाही, कितीही वाटलं तरी.

उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये जितकी मिनिटं थांबायला सांगितलंय तितकी थांबा, एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज शिल्लक असतो. पिवळे कनेक्टर दिसले की समजायचं एअरबॅगचे, ते ओढायचे नाहीत. या कामासाठी चाक काढावं लागत नाही, कॉलमचं खालचं कव्हर काढलं की लिव्हर, कॅम आणि गाळे दिसतात. बोल्टचा नट कारखान्यात सेट केलेला असतो, त्याला हात लावायची वेळ आली तर मॅन्युअलमधला टॉर्क आणि टॉर्क रेंच, अंदाजाने नाही.

सोप्याकडून सुरू करा. लिव्हरचा स्टॉपर असेल तर रबर नाहीतर टीपीयूची (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकची) टोपी घाला, ७० ते ९० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाची, दोन-तीन मिलिमीटर जाडीची. हे काम का करतं ते समजून घ्या म्हणजे बाकी सगळं त्यातूनच सुचतं. लोखंड लोखंडावर आपटतं तेव्हा ती भेट अर्ध्या मिलिसेकंदात संपते आणि इतक्या छोट्या ठोक्यात साधारण २००० हर्ट्झपर्यंतचे सूर जोरात उठतात, जिथून पुढे आपला कान सगळ्यात तिखट असतो. मध्ये रबर आलं, तीच भेट ५ मिलिसेकंदांवर गेली, की जोर साधारण दहावा हिस्सा होतो आणि सूर २०० हर्ट्झच्या आसपास उतरतात. ऊर्जा तेवढीच होती, फक्त तिला वेळ मिळाला. मात्र ग्रीस लागणाऱ्या जागी ईपीडीएम रबर नको, खनिज तेलाने ते फुगतं, एनबीआर (तेल सोसणारं रबर) घ्या.

गाळ्याच्या टोकाचं पण तसंच, बोल्ट जिथे टेकतो तिथे मूळ प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा बसलेला असतो, झिजलाय का फाटलाय बघा, आणि नवीन घालताना तोच मूळ भाग मिळवा, कारण त्याची जाडी बदलली की कॉलमची रेंज बदलते. तोलणारी स्प्रिंग ठीक आहे का ते सोपं, लॉक सोडून चाक मध्यावर ठेवा आणि हळूच हात काढा, धाडकन खाली गेलं तर स्प्रिंग बदला.

आता ग्रीस, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कॅमच्या तोंडाला घट्ट, चिकट, आवाज दाबणारं डॅम्पिंग ग्रीस लागतं, प्लॅस्टिकला चालणारं, पातळ थर. थ्रस्ट बेअरिंगला पण थोडं. पण ज्या पत्र्यांच्या घर्षणावर कॉलम धरलाय त्यांच्यावर एक थेंब पण नको, आणि गंज सोडवायचा स्प्रे तर कव्हरच्या फटीतून अजिबात मारू नका, तो बरोब्बर तिथेच जाऊन बसतो. कॅमवर फार निसरडं काही लावण्यात पण धोका आहे. चढाचा कोन ४ अंश धरा. घर्षणाचा गुणांक ०.१० असेल तर ५.७ अंशांपर्यंतचा चढ आपोआप मागे सरकत नाही, म्हणजे लिव्हर बंद राहतो. तुम्ही काहीतरी भारी निसरडं लावून गुणांक ०.०५ वर आणला की ती हद्द २.९ अंशांवर येते आणि तोच लिव्हर खड्ड्यांच्या हादऱ्याने सुटायला बघतो.

इथपर्यंत दुरुस्ती झाली. ज्यांना लॉक नवीनच बनवायचंय, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, सिम्युलेटरच्या रिगसाठी, त्यांच्याकडे जास्त वाव आहे आणि मला खरी मजा तिथेच येते.

कॅमचा चढ एकसारखा ठेवू नका. सुरुवातीला तीव्र, म्हणजे पत्र्यांमधली फट पटकन भरून निघते, मग सौम्य, म्हणजे हाताला कमी जोर लागतो आणि दाब वाढत जातो, आणि शेवटी लहानसा सपाट भाग किंवा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा खळगा, म्हणजे लिव्हर तिथे बसून राहतो. कडा मात्र गोल करा, धारदार कड राहिली की कॅम तिच्यावरून उडी मारतो आणि पहिला ठोका तिथेच तयार होतो. पूर्ण प्लॅस्टिकचा कॅम करायचा मोह होतो, ऐकायला छान शांत असतो पण सततच्या दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू दबत जातं आणि काही महिन्यांनी पकड उतरते. भार लोखंडावर, धक्का प्लॅस्टिकवर, एवढं पाळा. दाब घेणारा चढ धातूचा आणि खाली बसायच्या जागी तेवढं पीओएम (कडक, निसरडं प्लॅस्टिक) किंवा टीपीयू.

त्याहून चांगला उपाय म्हणजे साठणारी ऊर्जाच कमी करणं. पकडीचा जोर म्हणजे घर्षणाच्या जागांची संख्या गुणिले गुणांक गुणिले दाब. दोन जागा, ०.१५, ५००० न्यूटन, झाले १५०० न्यूटन. मध्ये पातळ प्लेटा घालून जागा चार केल्या तर तीच पकड २५०० न्यूटनमध्ये मिळते, आणि ऊर्जा दाबाच्या वर्गाने बदलते, म्हणजे ताठरपणा तोच राहिला तर अडीच जूलची जवळपास ०.६ जूल होते. पकड तेवढीच, ठोका चौथाई. फक्त त्या मोकळ्या प्लेटा लॉक सोडल्यावर आपापसात खडखडतात, म्हणून त्यांच्यात एक वेव्ह वॉशर (लाटेसारखा वाकवलेला, स्प्रिंगसारखा वॉशर) घाला, तो त्यांना हलकेच ताणून धरतो.

लिव्हरच्या मुळाशी सिलिकॉन तेलाचा छोटा रोटरी डॅम्पर (फिरण्याचा वेग रोखणारा भाग) पण लावता येतो, घ्यायचा तर एकाच दिशेने रोखणारा घ्या, म्हणजे उघडताना लिव्हर संथ येतो आणि बंद करताना हाताला काही जाणवत नाही. एकदा असा लिव्हर वापरला की साधा नको वाटतो.

दात्यांचं लॉक असेल तर आवाजाची जात वेगळी. १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या टिल्ट स्टीअरिंगमध्ये चाक ठरावीक टप्प्यांवर अडकायचं. दाते असले की दोन त्रास, एक म्हणजे सोडल्यावर दाते पूर्ण वेगळे होत नाहीत आणि चाक हलवताना करकर येते, त्याला दात्यांचा ठोकळा पूर्ण उचलून धरणारी स्प्रिंग लागते. दुसरा म्हणजे बंद करताना दात्याचं टोक दात्याच्या टोकावर येतं, लिव्हर अडकतो किंवा जोर लावला की टक् करून सटकतो. यावर दोन ठोकळे एकमेकांपासून अर्ध्या दात्याने सरकवून बसवायचे, एक टोकावर आला तर दुसरा खाचेत बसतोच, आणि दोन्हींच्या पाठीमागे रबर किंवा स्प्रिंग ठेवायची म्हणजे अडलेला ठोकळा थांबून राहतो, आपटत नाही.

झाल्यावर तपासायचं ते असं. लिव्हर वीस-पंचवीस वेळा झटक्यात उघडा-बंद करा, पुन्हा तोच स्लो मोशन व्हिडिओ काढा, उसळी एकावर आलीये का बघा. लॉक करून चाकाला पुन्हा सगळ्या बाजूंनी जोर लावा. मग गाडी रात्रभर थंडीत राहू द्या आणि सकाळी करा, कारण थंडीत रबर कडक होतं आणि ग्रीस आळतं, आणि एकदा भर दुपारी उन्हात तापल्यावर करा, तेव्हा ग्रीस पातळ होतं. दोन्ही वेळेला लिव्हर शेवटपर्यंत जाऊन खळग्यात बसलाच पाहिजे, अर्धवट बंद राहत असेल आणि बंद बाजूच्या स्टॉपरवरही टोपी असेल तर ती जाड झालीये, अर्धा मिलिमीटर घासून कमी करा. महिन्याभराने कव्हर परत उघडून त्या टोपीवरचा ठसा बघा, खोल रुतला असेल तर रबर मऊ पडलंय, पुढच्या वेळी १० शोअर जास्त कडक घ्या.