नाशिकहून फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन जाऊन पक्ष्यांची गोडी लागलेले लोक थंडी सरायला लागली की विचारतातच, की ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो बघायला कसं जायचं, म्हणून सगळं एकदा नीट लिहितोय. ट्रेन, रिक्षा, तिकीट हे सोपं आहे हो. खरी मेख आहे भरती-ओहोटीची. आपल्याला गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आलाय की नाही तेवढं बघायची सवय, आणि नांदूरला पहाटे पोचलं की काम झालं. खाडीचं तसं नाही. वेळ चुकली तर लांब चिखलात गुलाबी रेघ दिसते आणि त्यावर समाधान मानावं लागतं.

तर आधी घरातलं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड, दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. तिथून सहा तास पुढे-मागे ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा, खाडीत आत पाणी चढायला अजून थोडा वेळ लागतो. अंदाजाला हे भरपूर झालं, पण निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर भरतीचा तक्ता एकदा बघाच.

माझं मत विचाराल तर आपल्यासाठी द्वितीया-तृतीया सगळ्यात बेस्ट. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडायची, ठाण्याला उतरायचं, तिथून पनवेल किंवा वाशीची लोकल घेऊन ऐरोली. स्टेशनबाहेर रिक्षा मिळते. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, 2017 पासून. बोट तिथूनच सुटते, आणि ती भरतीच्या वेळेवर सुटते, आपल्या वेळेवर नाही, त्यामुळे बुकिंग आधी करा आणि केंद्र कुठल्या वारी बंद असतं तेही तेव्हाच विचारून घ्या. गाडीने जायचं तर आता इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पटकन होतं, पुढे भिवंडीचं ट्रॅफिक मात्र आहेच, म्हणून मी ट्रेनच म्हणेन.

या तिथीला साडेदहाला पोचलात तर पाणी अजून पूर्ण चढलेलं नसतं, आणि हाच वेळ पायी फिरायचा. लोक थेट बोटीकडे पळतात, तसं करू नका. कांदळवनाच्या कडेला एका जागी पाच मिनिटं अजिबात न हलता उभे राहा. आधी नुसता चिखल दिसेल, मग भोकाभोकातून छोटे खेकडे वर येतात, त्यातल्या नराची एकच नांगी अंगाच्या मानाने भलीमोठी असते आणि ती तो वर-खाली हलवत राहतो, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला. शेजारी निवटी दिसेल, मासा असून चिखलावर पुढच्या परांनी सरकत चालणारी, डोळे डोक्यावर. तुमची सावली पडली की सगळे एका झटक्यात गायब. तिवराच्या झाडाखाली पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली असतात, चिखलात हवा नसते म्हणून झाड अशा मुळांनी श्वास घेतं. तिवराचं पान उलटून बघा, मिठाचे बारीक कण दिसतात. पान तोडू नका, झाडावरच बघा. आणि पायवाट सोडून चिखलात पाय टाकू नका, गुडघ्यापर्यंत कधी रुतलात कळत नाही.

मग बोट. इथे दोन प्रकारचे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, असतात. छोटा रोहित जास्त, त्याची चोच गडद लालसर. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी, टोक काळं. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, गुलाबी रंग पुढे खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जीवांमधून. बगळे, शेकाटे, तुतवार हेही भरपूर. कुरव (सीगल) पक्ष्यांना लोक गाठ्या टाकतात, फोटो छान येतो म्हणून, प्लीज टाकू नका, तेलात तळलेलं बेसन हे त्यांचं खाणंच नाही. कांदळवनात कोल्हेही आहेत पण दिसतीलच या आशेवर जाऊ नका.

भरती पूर्ण झाली की चिखल बुडतो आणि फ्लेमिंगोंना उभं राहायला उथळ जागा लागते, म्हणून ते उडून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जातात. म्हणून बोटीनंतर ऐरोलीहून पनवेल लोकलने सीवूड्सला उतरा आणि डीपीएस शाळेजवळच्या तलावाच्या काठाने चाला. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला डोकं उलटं करून पाणी गाळत उभा थवा, पाणी जरा उतरलं की सगळे परत खाडीकडे. मात्र इथे खाडीचं पाणी यायची वाट मोकळी असेल तरच पक्षी उतरतात, त्यामुळे नवी मुंबईत कुणी ओळखीचं असेल तर आधी विचारून घ्या. आत उतरू नका, ड्रोन तर अजिबात नको, एकदा उठवलेला थवा पुन्हा उतरायला आणि खायला लागायला वेळ घेतो.

सीझन साधारण नोव्हेंबर ते मे, गर्दी बघायची तर जानेवारी ते एप्रिल. नाशिकहून निघताना स्वेटर लागतो आणि ठाण्याला तोच ओझं होतो, सॅक घ्या. टोपी, भरपूर पाणी, मातकट रंगाचे कपडे, आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण असेल तर उत्तम. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर बोट सोडून फक्त सीवूड्स करा, चालणं सपाट आहे. आणि संध्याकाळच्या पंचवटीचं परतीचं रिझर्वेशन जातानाच्या तिकिटाबरोबरच काढा, शनिवार-रविवार ठाण्याला जनरलमध्ये चढणं अवघड असतं.